पंचवीस दिवस अधांतरी राहिलेला होमरन

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातलं यँकी स्टेडियम. तारीख २४ जुलै १९८३, रविवार. बेसबॉलची मॅच चालू आहे. चार पंच घोळका करून उभे आहेत आणि त्यांच्यातल्या सगळ्यात उंच माणसाच्या हातात एक बॅट आहे. त्याचं नाव टिम मॅक्लेलंड. बॅट मोजायची आहे, पण चौघांपैकी एकाच्याही खिशात टेप नाही. मॅक्लेलंड वाकतो आणि बॅट होम प्लेटवर आडवी धरतो. होम प्लेट म्हणजे बॅटरच्या पायाशी जमिनीत बसवलेली पांढऱ्या रबराची पंचकोनी पाटी. तिची रुंदी १७ इंच ठरलेली असते. बॅटवरचा काळपट चिकट थर पाटीची रुंदी ओलांडून बराच पुढे गेलेला दिसतो. मॅक्लेलंड सरळ उभा राहतो, पाहुण्या संघाच्या डगआउटकडे बघत तीच बॅट रोखतो आणि दुसऱ्या हाताने आउटची खूण करतो.

त्यानंतर डगआउटमधून जो माणूस उसळून बाहेर आला, त्याची ती धाव अमेरिकेत आजही टीव्हीवर दाखवतात. डोळे वटारलेले, दोन्ही हात हवेत, तोंडाने काय चाललंय ते आवाज बंद असला तरी कळतं. पंचांचे प्रमुख जो ब्रिंकमन यांनी त्याला मागून मानेभोवती हात घालून धरलं, म्हणून मॅक्लेलंडच्या अंगावर जायचा राहिला. हा जॉर्ज ब्रेट. कॅन्सस सिटी रॉयल्सचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू (बेस म्हणजे एक धाव पूर्ण करायला ओळीने गाठायचे चार टप्पे) आणि त्या काळातला अमेरिकेतल्या पहिल्या दोन-चार बॅटरांपैकी एक. तीन वर्षांपूर्वी, १९८० च्या हंगामात, त्याची बॅटिंग सरासरी .३९० होती. क्रिकेटच्या माणसाला हा आकडा काही सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा, की .३०० म्हणजे उत्तम आणि .४०० पूर्ण हंगामभर टिकवणारा शेवटचा माणूस १९४१ मध्ये होऊन गेला.

बेसबॉलच्या नियमपुस्तकात विचित्र कलमांची कमी नाही. क्षेत्ररक्षकाने डोक्यावरची टोपी काढून मुद्दाम चेंडूला लावली, तर समोरच्या संघाला तीन बेस बहाल होतात. आपल्याकडे विकेटकीपरच्या मागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला की पाच धावा मिळतात, त्याच जातीचा हा नियम. पण अशा कलमांवरून सहसा कुणी कोर्टात जात नाही. ब्रेटच्या बॅटचं प्रकरण गेलं. आणि त्याची जी गोष्ट आज सर्रास सांगितली जाते, ती माझ्या मते अर्धीच खरी आहे. म्हणून हा सविस्तर पंचनामा.

घडलं काय

बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने बॅटिंग करतात आणि तीन आउट झाले की पाळी संपते. पाहुणा संघ आधी. त्या दिवशी नवव्या इनिंगमध्ये रॉयल्सची पाळी चालू होती. धावफलक होता यँकीज ४, रॉयल्स ३. दोन आउट झालेले. यू. एल. वॉशिंग्टन एक साधा फटका मारून पहिल्या बेसवर पोचला आणि समोर आला ब्रेट. तेवढ्यात यँकीजचे मॅनेजर बिली मार्टिन यांनी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला आणि गूस गॉसेजला बोलावलं. अंगाने आडदांड, मिशा गालांवर उतरलेल्या, आणि चेंडू टाकायचा तो सुसाट वेगाने. मॅच संपवण्यासाठी आणायचा माणूस.

या दोघांचा जुना हिशेब होता. १९८० मध्ये याच मैदानावर, लीगच्या अंतिम मालिकेत, ब्रेटने गॉसेजला होमरन (आपल्या षटकारासारखा, मैदानापार गेलेला फटका) ठोकून यँकीजचा हंगाम संपवला होता. त्याआधी १९७६, ७७ आणि ७८ अशी तीन वर्षं यँकीजनी रॉयल्सना त्याच टप्प्यावर घरी पाठवलं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी काही मुरलेलं होतं. आणि १९८० मध्ये हरलेल्या यँकीजचे मॅनेजर कोण होते? डिक हाउझर. ते १९८३ मध्ये रॉयल्सचे मॅनेजर होते.

गॉसेजने छातीजवळ उंच चेंडू टाकला आणि ब्रेटने तो उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावून दिला. दोन धावा. रॉयल्स ५, यँकीज ४. ब्रेट चारही बेसला पाय लावून आला, सहकाऱ्यांना टाळ्या दिल्या आणि डगआउटमध्ये जाऊन बसला.

तेव्हा बिली मार्टिन शांतपणे मैदानात उतरले. हा गृहस्थ शांतपणे काही करतोय हीच धोक्याची खूण. भांडकुदळ म्हणून त्यांची ख्याती होती. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी त्यांना दोनदा काढून तिसऱ्यांदा कामावर घेतलं होतं. त्यांनी मॅक्लेलंडला एवढंच सांगितलं, की त्या बॅटवरचं पाइन टार, म्हणजे तो चिकट थर, नियमापेक्षा वर गेलंय. पंच बोलले, बॅट मोजली, ब्रेट आउट. तिसरा आउट. मॅच संपली, यँकीज ४, रॉयल्स ३.

होमरन मारून हरलेला बॅटर! मैदानात त्या दिवशी तेहतीस हजारांहून जास्त माणसं होती. ती घरी गेली, ती यँकीज जिंकले असं समजून.

मैदानावरच्या गोंधळात आणखी एक प्रकार घडला. रॉयल्सकडे गेलॉर्ड पेरी नावाचा ४४ वर्षांचा पिचर होता. चेंडूला थुंकी, व्हॅसलीन आणि काय काय चोपडण्यासाठी तो सबंध लीगमध्ये बदनाम होता, आणि त्याने ती बदनामी कधी फारशी नाकारलीही नाही. सगळे ब्रेटला आवरत असताना या पठ्ठ्याने बॅट हस्तगत केली आणि हातोहात ड्रेसिंग रूमकडे पसार केली. म्हणजे पुरावाच गायब. पंच आणि स्टेडियमचे रखवालदार मागे धावले, बॅट परत मिळवली आणि ती लीगच्या कचेरीत रवाना झाली.

बॅटवर होतं काय

पाइन टार म्हणजे चीडाचं लाकूड तापवून काढलेलं डांबर. तपकिरी-काळं, दाट, बोटांना धरून ठेवणारं. बेसबॉलची बॅट गोल असते, तिला आपल्या बॅटसारखी रबरी ग्रिप नसते, आणि घामाने हात सटकला तर ती पिचरच्या दिशेने उडू शकते. म्हणून मुठीपाशी डांबर फासतात. बहुतेक खेळाडू हातमोजे घालतात. ब्रेट घालत नसे. उघड्या हातांना कोरं, पॉलिश नसलेलं लाकूड लागलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. त्यामुळे डांबरही जास्त लागायचं. तो ते मुठीच्या बऱ्याच वर थापून ठेवायचा आणि दोन चेंडूंच्या मधे हात वर नेऊन बोटांना थोडं लावून घ्यायचा. लोणच्याच्या बरणीच्या काठावर मसाला साचतो, तसा त्याच्या बॅटवर तो थर साचत गेलेला होता. चेंडू लागतो तो भाग त्याच्याही वर, स्वच्छ.

या डांबराने चेंडू लांब जात नाही. हे मार्टिनही नाकारत नव्हते. उलट बॅटच्या वरच्या भागात चिकट थर असेल तर फटक्याचं नुकसानच व्हायचं.

मग नियम कशाला? चेंडूसाठी. डांबर लागलेला चेंडू डागाळतो आणि तो बाद करून नवा आणावा लागतो. पैशाचा मामला. बेसबॉलमध्ये स्वच्छ चेंडूचं प्रस्थ १९२० नंतर फार वाढलं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्येच क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून दगावला. संध्याकाळच्या उजेडात मळका चेंडू त्याला दिसलाच नसावा, असं मानलं जातं. गंमत अशी, की नवाकोरा चकचकीत चेंडूही चालत नाही. हातातून निसटू नये म्हणून पंचांनी मॅचआधी त्याची चकाकी घालवली पाहिजे, असा नियमच आहे. त्यासाठी डेलावेअर नदीच्या काठचा खास गाळ डब्यांत भरून येतो आणि तो प्रत्येक चेंडूला चोळतात. म्हणजे चिखल कायदेशीर, डांबर मर्यादेत.

मर्यादा किती? मुठीच्या टोकापासून १८ इंच. ब्रेटच्या बॅटवर ते २३-२४ इंचांपर्यंत पोचलं होतं. याबद्दल कुणाचाच वाद नव्हता, ब्रेटचाही नाही.

कायद्याचा पेच

इथे थोडं हळू जायला हवं, कारण सगळं प्रकरण या दोन-तीन वाक्यांत आहे.

कलम १.१० सांगत होतं, की पकड सुधारण्यासाठी बॅटला १८ इंचांपर्यंत काहीही लावता येईल, पाइन टारसुद्धा. त्यापुढे ते गेलं असेल, तर ती बॅट खेळातून काढून टाकावी. बॅट काढावी. बॅटर आउट, असं या कलमात कुठेही नव्हतं.

पंचांनी दुसरी वाट धरली. त्यांचा तर्क असा: ही बॅट १.१० मध्ये बसत नाही, म्हणून ती बेकायदा. बेकायदा बॅटने मारलेला चेंडू म्हणजे बेकायदा फटका. आणि कलम ६.०६ प्रमाणे बेकायदा फटका मारणारा बॅटर आउट. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरी पुस्तकातलीच. ब्रिंकमन आणि मॅक्लेलंड यांना मूर्ख ठरवणाऱ्यांनी हा तर्क एकदा नीट वाचावा. भर मैदानात, हजारो लोकांच्या आरडाओरड्यात, पाच मिनिटांत याहून चांगला तर्क करणारा वकील मला दाखवा.

पण ६.०६ मध्येच आणखी एक उपकलम होतं. फटका लांब जावा म्हणून फेरफार केलेल्या बॅटबद्दल. आत काही भरलेली, पोखरलेली, खिळे ठोकलेली, खाचा पाडलेली, मेण फासलेली, अशी यादी. या बॅटने खेळणाऱ्याला आउट आणि वर हकालपट्टी. या यादीत पाइन टारचं नाव नाही. ज्यांनी मेणाची आठवण ठेवली, ते डांबर विसरले असतील हे पटत नाही.

शिवाय पूर्वीची दोन उदाहरणं होती आणि ती एकमेकांशी भांडत होती. जुलै १९७५ मध्ये मिनेसोटात यँकीजचा कॅचर थर्मन मन्सन याचा धाव मिळवून देणारा फटका याच कारणावरून रद्द झाला. यँकीज ती मॅच एका धावेने हरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रॉयल्सच्या जॉन मेबेरीच्या बॅटवर कॅलिफोर्निया एंजल्सनी तसाच आक्षेप घेतला. पंचांनी होमरन कायम ठेवला, एंजल्सनी लीगकडे हरकत नोंदवली आणि अध्यक्षांनी ती फेटाळली. अध्यक्ष होते ली मॅकफेल. १९८३ मध्येही तेच होते.

आता मार्टिन यांच्या चलाखीचं मूळ कळतं. यँकीजच्या ग्रेग नेटल्सला १९७५ चा मन्सनचा प्रसंग आठवत होता. ब्रेटच्या बॅटवरचा थर त्यांनी जुलैच्या त्या रविवारी पहिल्यांदा पाहिला नव्हता. काही दिवसांपूर्वी कॅन्सस सिटीत दोन्ही संघ भिडले, तेव्हाच तो हेरून ठेवला होता. तरी ते गप्प राहिले. आधीच बोलले असते तर काय झालं असतं? पंचांनी बॅट बदलायला लावली असती आणि ब्रेट दुसरी घेऊन आला असता. हुकमाचं पान मुठीत धरून ते वाट बघत बसले, की ब्रेट कधी एकदा मोठा फटका मारतोय. फटका लागला नसता तर डांबर तसंच राहिलं असतं, आणि चेंडूंच्या खर्चाची काळजी कुणालाही पडली नसती.

मॅकफेल यांचा निकाल

हाउझर यांनी रीतसर हरकत दाखल केली. मॅकफेल हे अमेरिकन लीगचे अध्यक्ष. पूर्वी ते यँकीजचेच जनरल मॅनेजर होते, त्यामुळे रॉयल्सवर मेहेरबानीचा आरोप करायला जागा नव्हती. गेल्या दहा वर्षांत त्यांनी एकही हरकत मान्य केलेली नव्हती.

२८ जुलैला त्यांनी ही मान्य केली. पंचांचा अर्थ तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय आहे, पण नियमाच्या हेतूला धरून नाही, असं त्यांनी म्हटलं. मार्टिन यांच्या सावधपणाचं कौतुकही केलं. मॅच मैदानावर जिंकाव्यात किंवा हराव्यात, नियमांतल्या तांत्रिक बाबींवर नाही, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांच्या तोंडी झालं. होमरन कायम. मॅच पुन्हा सुरू करायची, ती ब्रेटच्या होमरननंतर, दोन आउट, रॉयल्स ५-४ असे पुढे, अशा स्थितीतून. आणि आरडाओरड्याबद्दल ब्रेट आणि हाउझर, बॅट लपवल्याबद्दल पेरी, शिवाय प्रशिक्षक रॉकी कोलाव्हिटो, असे चौघे त्या मॅचमधून हद्दपार.

इथेच ती अर्धी खरी गोष्ट जन्माला आली. ‘अक्षरावर आत्म्याने मात केली’ अशी. ऐकायला फार छान. पण कलम १.१० पुन्हा वाचा. बॅट काढून टाका, एवढंच त्या कलमाचं अक्षर होतं. म्हणजे अक्षरही ब्रेटच्याच बाजूने होतं. शिक्षा त्याच वाक्यात लिहिलेली असताना पंच ती शोधायला पाच कलमं पुढे गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मॅकफेल यांनी हेतूची भाषा वापरली नसती आणि नुसतं ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं असतं, तरी निकाल हाच लागला असता. कदाचित जास्त पक्का. ‘हेतू’ म्हटलं की उद्या कुणीही उठून कुठल्याही नियमाचा आपल्या सोयीचा हेतू सांगू शकतो. यँकीजनी नेमकं त्याच मुद्द्यावर बोंब ठोकली, आणि तेवढ्यापुरती ती चुकीची नव्हती.

क्रिकेटमध्ये अशीच वेळ चार वर्षं आधी आली होती. डिसेंबर १९७९, पर्थ कसोटी. ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. बॅट लाकडाची असावी असं तेव्हाच्या नियमांत म्हटलेलंच नव्हतं. इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्ली याची तक्रार काय? चेंडू खराब होतोय. म्हणजे तिथेही चिंता चेंडूची. पंचांनी बॅट बदलायला लावली, लिलीने ती रागाने भिरकावली, पण त्या बॅटने काढलेल्या तीन धावा धावफलकावर राहिल्या. पुढच्याच वर्षी बॅटचं पातं लाकडाचंच असावं असं कायद्यात आलं. बॅट गेली, धावा राहिल्या. मॅक्लेलंड त्या रविवारी नेमकं हेच करू शकला असता.

कोर्ट, मग बारा मिनिटांची मॅच

उरलेला खेळ १८ ऑगस्टला ठरला. यँकीजच्या मालकांचा चडफडाट थांबेना. आम्ही एका मॅचने मागे राहिलो तर मॅकफेलनी न्यूयॉर्कमध्ये राहू नये, कॅन्सस सिटीत घर शोधावं, अशा अर्थाचं स्टाइनब्रेनर बोलून गेले आणि त्याबद्दल पुढे बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी त्यांना जबर दंड ठोठावला. तिकिटांवरूनही भांडण पेटलं. या तुकड्यासाठी नव्या प्रेक्षकांकडून अडीच डॉलर घ्यायचे असा यँकीजचा बेत होता. जुलैचं तिकीट काढलेल्या काही प्रेक्षकांनी दावे लावले. ब्राँक्सच्या न्यायालयाने उरलेला खेळ खेळवायला मनाई केली आणि अपिलातल्या न्यायमूर्तींनी ती १८ तारखेलाच दुपारी उठवली. चार आउटसाठी दोन न्यायालयं.

संध्याकाळी त्या अवाढव्य स्टेडियममध्ये जेमतेम बाराशे माणसं होती.

मार्टिन यांनी आपला निषेध क्षेत्ररचनेतून नोंदवला. सेंटर फील्डला उभा केला रॉन गिड्री, जो संघाचा अव्वल पिचर. दुसऱ्या बेसवर डॉन मॅटिंग्ली, आणि तो डावखुरा. दुसऱ्या बेसवरून पहिल्या बेसकडे चेंडू फेकायचा तर डावखुऱ्याला अख्खं अंग वळवावं लागतं, म्हणून ती जागा डावखुऱ्याला कुणी देत नाही. जुलैत सेंटर फील्डला असलेला खेळाडू तोवर दुसऱ्या संघात गेला होता आणि दुसऱ्या बेसवाला जखमी होता, हे खरं. पण मार्टिन यांच्याकडे याहून बरे पर्याय नव्हते असं मानायला मन तयार होत नाही.

मग त्यांनी शेवटचा डाव टाकला. धावणाऱ्याचा पाय एखाद्या बेसला लागला नाही, तर पुढचा चेंडू टाकायच्या आत त्या बेसकडे चेंडू फेकून दाद मागता येते. पिचर जॉर्ज फ्रेझियरने पहिला चेंडू बॅटरला न टाकता पहिल्या बेसकडे फेकला. म्हणजे पंचवीस दिवसांपूर्वी ब्रेटचा पाय तिथे लागला नव्हता, असा दावा. पंचाने सेफची, म्हणजे नाबादची, खूण केली. मग दुसऱ्या बेसकडे. पुन्हा सेफ. मार्टिन बाहेर आले. त्यांचा प्रश्न वरवर बिनतोड होता. आज पंच नवे, जुलैतल्या चौघांपैकी एकही इथे नाही, मग यांना काय माहीत पाय लागला की नाही?

पंचांचे प्रमुख डेव्ह फिलिप्स यांनी खिशातून एक कागद काढला. नोटरीसमोर केलेलं शपथपत्र. २४ जुलैच्या पंचांच्या सह्यांचं. ब्रेट आणि वॉशिंग्टन यांचे पाय सगळ्या बेसला लागले होते, असं त्यात नमूद. मार्टिन असलं काहीतरी काढणार हे लीगच्या कचेरीने आधीच ताडून ठेवलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडतो तो हा कागद. बेसबॉलच्या मैदानावर, खेळ चालू असताना, स्टँपपेपरछाप पुरावा खिशातून निघतो आणि मार्टिनसारखा माणूस परत डगआउटकडे वळतो.

पुढचं सगळं पटापट उरकलं. रॉयल्सचा हॅल मॅक्रे आउट झाला, तिसरा आउट. यँकीजच्या पाळीत डॅन क्विझेनबेरीने मॅटिंग्ली, रॉय स्मॉली आणि ऑस्कर गॅम्बल यांना ओळीने परत पाठवलं. बारा मिनिटांत खलास. रॉयल्स ५, यँकीज ४. ब्रेट स्टेडियममध्ये नव्हताच. हद्दपार असल्यामुळे तो न्यूआर्क विमानतळाजवळ एका रेस्टॉरंटमध्ये बसून संघाची वाट बघत होता.

आणि ज्या एका मॅचसाठी एवढं रामायण झालं, तिने हंगामात काय बदललं? काहीच नाही. यँकीज ९१ मॅच जिंकून आपल्या गटात तिसरे आले, पहिल्या बाल्टिमोरच्या सात मॅच मागे. रॉयल्स ७९ जिंकून आणि ८३ हरून दुसरे.

पुस्तकात काय बदललं

बदल नियमांत झाला. आता त्या कलमाखाली स्पष्ट लिहिलेलं आहे. डांबर १८ इंचांच्या पुढे दिसलं तर पंचांनी बॅटरला दुसरी बॅट घ्यायला सांगावं. जादा थर पुसला तर तीच बॅट नंतर वापरता येईल. आणि फटका मारण्याआधी कुणी आक्षेप घेतला नसेल, तर नंतर त्या कारणावरून फटका रद्द होणार नाही, हरकतही चालणार नाही.

हे शेवटचं वाक्य थेट मार्टिन यांच्यासाठी लिहिल्यासारखं वाटतं. १८ इंच तसेच राहिले, डांबराची व्याख्या तशीच राहिली. बंद झाली ती फक्त पान दाबून बसण्याची सोय. २०२५ च्या आयपीएलमध्ये पंच मैदानावरच फलंदाजांच्या बॅटी साच्यातून घालून बघताना आपण पाहिले. त्यामागेही हाच व्यवहार आहे: जे काही मोजायचं ते चेंडू खेळायच्या आधी.

राहिली ती बॅट. लीगच्या कचेरीतून ती ब्रेटकडे परत आली. त्याने आणखी काही मॅच ती वापरली, मग कुणीतरी त्याच्या कानावर घातलं, की ही मोडली तर तिची किंमत शून्य. त्याने ती २५,००० डॉलरला एका संग्राहकाला विकली. हा संग्राहक यँकीजच्या भागीदारांपैकी एक होता. ब्रेटला चुटपुट लागली, त्याने तेवढेच पैसे परत देऊन बॅट सोडवून आणली आणि कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयाला दिली. १९८७ पासून ती तिथे काचेआड आहे.